गोळी कधी थांबवायची आणि कोणी?

हृदयाच्या नसेत स्टेंट बसला की दोन गोळ्या सुरू होतात: एक ॲस्पिरिन आणि दुसरी क्लोपिडोग्रेल, टिकाग्रेलर किंवा प्रासुग्रेल यांपैकी एक. दोन्ही गोळ्या प्लेटलेटना एकमेकींना चिकटू देत नाहीत, म्हणून नव्या जाळीवर गुठळी धरत नाही. त्याच कारणानं जठरातल्या लहानशा व्रणातून सुरू झालेलं रक्तही लवकर थांबत नाही. वय झालेलं, अंगात रक्त कमी, मूत्रपिंड थकलेलं, सांधेदुखीच्या गोळ्यांची सवय, अशा माणसाला या दोन गोळ्या किती दिवस द्यायच्या यावर डॉक्टरांमध्ये खरंखुरं दुमत आहे. घरच्यांपर्यंत ते गोंधळ होऊन पोचतं. एक डॉक्टर म्हणतो चालू ठेवा, दुसरा म्हणतो ताबडतोब बंद करा.

नवी मुंबईत हा गोंधळ आणखी वाढतो. वाशी, नेरुळ, बेलापूर, कोपरखैरणे, कामोठे, सगळीकडे मोठी रुग्णालयं आहेत. स्टेंट एकीकडे बसतो, रक्ताची तपासणी दुसरीकडे होते, गोळ्या सोसायटीखालच्या मेडिकलमधून येतात आणि मे महिन्यात माणूस साताऱ्याकडे गावी गेला की तिथल्या डॉक्टरचा सल्ला चालू होतो.

पुढचा संवाद मी रचलेला आहे. मामा कोपरखैरण्यात जुने फॅमिली डॉक्टर आहेत, भाची नवी मुंबईतच अँजिओप्लास्टी करते, आणि ज्यांच्यावरून वाद चालला आहे ते तात्या म्हणजे अनेक रुग्णांवरून घडवलेली एक व्यक्ती. अभ्यास आणि आकडे मात्र खरे आहेत.

मामा: तात्यांची फाईल वाचलीस ना? वय 76. उभी हयात एपीएमसीच्या बाजारात पाठीवर पोती वाहिली. दोन्ही गुडघे गेलेत. कित्येक वर्षं रोज एक डायक्लोफेनॅक, ती कोणी लिहून दिलेली नाही, मेडिकलवाल्याकडून हातोहात. हिमोग्लोबिन 10.4. मूत्रपिंडाचं काम निम्म्यावर आलेलं. तीन आठवड्यांपूर्वी छातीत दुखलं, रात्री जवळच्या हॉस्पिटलात नेलं, छोटा अटॅक निघाला, स्टेंट बसला. आणि कार्डावर छापलंय: दोन्ही गोळ्या, बारा महिने. हातावर निळ्या चकत्या उठल्यात, परवा घोळणा फुटला तो अर्धा तास थांबेना. मी म्हणतो, महिना भरला की एक गोळी बंद कर.

भाची: आणि मी म्हणते, तीन महिन्यांच्या आधी नको. अटॅक येऊन गेलेली नस आहे ती. तिथं फाटलेला भाग अजून भरत असतो. स्टेंटमध्ये गुठळी झाली तर काय होतं ते मी कॅथलॅबमध्ये रात्री तीन वाजता बघितलंय, मामा. आताच्या स्टेंटमध्ये असं वर्षभरात शंभरातल्या एकालाही होत नाही, हे खरं. पण ज्याला होतं त्याची अख्खी नस एका क्षणात बंद पडते. जुन्या नोंदी बघा, अशा रुग्णांतले पाचात एक तरी दगावले आहेत, काही ठिकाणी त्याहून बरेच जास्त.

मामा: तुझी भीती मला मान्य आहे. पण रक्तस्रावाला तुम्ही लोक किरकोळ समजता. रक्त गेलं तर बाटली चढवू, असा तुमचा सूर असतो. अमेरिका आणि जर्मनीतल्या आठ हजारांवर स्टेंटवाल्यांची ती नोंद तुलाच जास्त माहीत असेल, ॲडॅप्ट-डीईएस. घरी गेल्यावर ज्यांना मोठा रक्तस्राव झाला त्यांच्या मरणाचा धोका, घरी गेल्यावर पुन्हा अटॅक आलेल्यांपेक्षाही जास्त वाढलेला दिसला. रक्त गेलं की हिमोग्लोबिन पडतं, हृदयावर ताण येतो. आणि मुख्य म्हणजे घाबरून सगळीच औषधं बंद होतात.

भाची: ते मी नाकारत नाही. पण बारा महिने हा आकडा कोणाच्या लहरीवर आलेला नाही. 2001 साली क्युअर नावाचा अभ्यास झाला, साडेबारा हजार अटॅकवाले रुग्ण. ॲस्पिरिनच्या जोडीला क्लोपिडोग्रेल दिलं तर पुढचे अटॅक कमी होतात हे त्यात दिसलं. मग औषध लावलेले स्टेंट आले. 2006 साली बार्सिलोनाच्या युरोपीय हृदयरोग परिषदेत गदारोळ झाला, कारण या स्टेंटमध्ये वर्षानंतरही गुठळ्या होतात असं पुढे आलं. तेव्हापासून सगळ्यांनी एक वर्ष घट्ट धरलं. माझे शिक्षक त्या काळातले. गोळी लवकर सोडलेला रुग्ण परत आला की ते वॉर्डात सगळ्यांसमोर बोलायचे.

मामा: आणि त्याच्याही आधीचं सांगू का? 1977 साली झुरिकमध्ये ग्रुंटझिगनं फुग्यानं पहिली नस उघडली, 1986 साली फ्रान्स आणि स्वित्झर्लंडमध्ये पहिले स्टेंट बसले. त्या वेळी गुठळीच्या भीतीनं वॉरफरिन, हेपॅरिन, ॲस्पिरिन सगळं एकदम द्यायचे. रुग्ण आठवडा-आठवडा हॉस्पिटलात पडून, आणि मांडीतून रक्त चालूच. शेवटी 1996 मध्ये जर्मनीतल्या आयसार अभ्यासानं दाखवलं की एवढ्या भडिमाराची गरजच नाही, प्लेटलेटवरची दोन औषधं पुरतात, रक्तस्राव कमी आणि गुठळ्याही कमी. भीतीपोटी जास्त औषध द्यायचं आणि मग कमी करत यायचं, हे या शास्त्रात एकदा होऊन गेलंय. आताही तेच चाललंय असं मला वाटतं.

मामांचा हा मुद्दा मला पटतो. स्टेंटही आता ते राहिले नाहीत. तारा बारीक झाल्या, वरचा लेप विरघळणारा आला, नसेचं अस्तर त्यावर लवकर चढतं. पूर्वी रक्तस्रावाचा धोका असला की औषधाशिवायचा साधा धातूचा स्टेंट बसवायचे, कारण त्याला एक महिना दोन गोळ्या पुरतात अशी समजूत होती. 2015 च्या लीडर्स-फ्री अभ्यासानं ती मोडली. अशाच नाजूक रुग्णांत दोन्ही गटांना एकच महिना दोन गोळ्या दिल्या, तरी औषधवाला स्टेंट साध्या स्टेंटपेक्षा सरस आणि सुरक्षित ठरला. आपल्याकडे आणखी एक अडसर होता तो पैशाचा. फेब्रुवारी 2017 मध्ये केंद्र सरकारनं स्टेंटच्या किमतींवर मर्यादा घातली, औषधवाला स्टेंट 29,600 रुपयांवर आला. त्याआधी त्याच प्रकारच्या स्टेंटला लाखाच्या वर मोजावे लागत. म्हणजे तात्यांसारख्याला पैसे नाहीत म्हणून जुना स्टेंट, ही वेळ आता येऊ नये.

भाची: तुम्ही आता मास्टर-डॅप्टवर येणार, मला माहीत आहे.

मामा: येणारच. 2021 चा अभ्यास, साडेचार हजारांवर रुग्ण, सगळे रक्तस्रावाचा धोका असलेले, म्हणजे आपले तात्याच. निम्म्या गटाची महिन्यानंतर एक गोळी बंद केली, दुसऱ्या गटाला किमान आणखी दोन महिने दोन्ही दिल्या. मरण, अटॅक, पक्षाघात मिळून दोन्ही गटांत सारखेच, शंभरात सहाच्या आसपास. रक्तस्राव मात्र 9.4 वरून 6.5 वर आला. आणखी काय पाहिजे?

भाची: आणखी हे पाहिजे की अभ्यासात कोणाला घेतलं ते नीट वाचा. पहिल्या महिन्यात ज्यांना पुन्हा अटॅक आला किंवा नस पुन्हा उघडावी लागली, ते आधीच गाळले होते. आणि सगळ्यांना एकाच बनावटीचा स्टेंट होता. तात्यांना कुठला बसलाय, तुम्हाला माहीत आहे?

मामा: फाईलला स्टिकर लावलाय. सुरतेचा आहे, भारतीय बनावटीचा.

भाची: चांगला स्टेंट आहे तो, माझी तक्रार स्टेंटबद्दल नाही. पण जपानमध्ये त्याच सुमाराला दुसरा अभ्यास झाला, स्टॉप-डॅप्ट-टूचा अटॅकवाल्या रुग्णांचा. एक-दोन महिन्यांनी ॲस्पिरिन काढलं, नुसतं क्लोपिडोग्रेल ठेवलं. अटॅकचं प्रमाण 0.85 टक्क्यांवरून 1.59 वर गेलं, जवळजवळ दुप्पट. आकडा लहान आहे, पण दिशा कुठली आहे ते बघा. अटॅक न येता, चालताना दम लागतो म्हणून ठरवून स्टेंट बसवलेला रुग्ण असता तर मी तुमचं आत्ता ऐकलं असतं. तिथं युरोपचे नियमही एक ते तीन महिने म्हणतात. अटॅकनंतर मात्र 2023 च्या युरोपीय नियमांनी एका महिन्याला 'विचार करता येईल' एवढंच म्हटलंय. ठाम शिफारस नाही.

मामा: जपानच्या त्या अभ्यासात रक्तस्रावाचा धोका असलेले वेचून घेतले नव्हते. धडधाकट अटॅकवाल्याला तू एक महिन्यात गोळी सोडायला सांगितलंस तर मीच तुला ओरडेन. तात्या धडधाकट नाहीत. 2019 मध्ये तुमच्याच मंडळींनी निकष ठरवले ना? हिमोग्लोबिन 11 च्या खाली हा एकटा मोठा निकष पुरतो. वर वय 75 च्या पुढे, मूत्रपिंड, रोजची वेदनाशामक गोळी, हे तीन लहान निकष. दोन लहान असले तरी पुरतात, यांच्याकडे तीन आहेत.

इथे थोडं थांबून सांगायला हवं. या निकषांत आणखीही गोष्टी येतात: गेल्या सहा महिन्यांत रक्त चढवावं लागेल इतका रक्तस्राव, लाखाच्या खाली प्लेटलेट, लिव्हर सिरॉसिस, पूर्वी मेंदूत झालेला रक्तस्राव, चालू असलेला कर्करोग. कर्करोगाचा मुद्दा नवी मुंबईला जवळचा आहे, कारण खारघरला टाटा स्मारकाचं ॲक्ट्रेक आहे आणि केमो घेणाऱ्या माणसालाही अटॅक येतोच. केमोनं प्लेटलेट खाली जातात. अशा रुग्णांसाठी अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी 2016 मध्ये जे सुचवलं, त्यात प्लेटलेट तीस हजारांच्या वर असतील तोवर क्लोपिडोग्रेल आणि दहा हजारांच्या वर असतील तोवर ॲस्पिरिन देता येतं. आकडे ऐकून धडकी भरते, पण ताज्या स्टेंटपुढे डॉक्टर किती जोखीम पत्करतात याची त्यावरून कल्पना येते. प्लेटलेट थोड्या कमी दिसल्या की घरच्यांनी परस्पर गोळी बंद करणं म्हणूनच घातक.

भाची: तोच माझा खरा राग आहे. पावसाळ्यात बघा. ऑगस्टमध्ये ताप येतो, डेंग्यूची चाचणी पॉझिटिव्ह येते, प्लेटलेट ऐंशी हजार. कोणीतरी सांगतं, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या आधी बंद. स्टेंटला जेमतेम पाच आठवडे झालेले. मला फोनसुद्धा येत नाही. दात काढायचा असला की तेच, मोतीबिंदूच्या वेळी तेच. दात काढायला या गोळ्या बहुधा थांबवाव्या लागत नाहीत, टाका घालून, कापूस दाबून रक्त थांबतं.

मामा: डेंग्यूमध्ये मी काय करू मग? ऐंशी हजार आज आहेत, परवा वीस हजार होतील.

भाची: भरती करा आणि मला फोन करा. रोज मोजणी. तापात गोळी कधी थांबवायची हे त्या दिवशीच्या आकड्यावर, रक्त जातंय की नाही यावर आणि स्टेंट किती जुना आहे यावर ठरतं. आणि तापाला पॅरासिटामॉल. डायक्लोफेनॅक नाही, ब्रुफेन नाही.

मामा: हे मान्य. आता माझ्या रागाचं ऐक. काल तात्यांच्या मुलाला म्हटलं, घरात जेवढी औषधं आहेत तेवढी घेऊन ये. त्यानं प्लास्टिकची पिशवी टेबलावर ओतली. कार्डावर लिहिलेली ॲस्पिरिन-क्लोपिडोग्रेल एकत्र असलेली कॅप्सूल होती, अर्धी पट्टी संपलेली. तिच्याखाली साध्या ॲस्पिरिनची जुनी पट्टी, ब्लडप्रेशर सापडलं तेव्हा कोणीतरी सुरू केलेली, तीही चालूच. म्हणजे ॲस्पिरिन दुप्पट. डायक्लोफेनॅकची नवी पट्टी, त्यातल्या चार गोळ्या संपलेल्या. आणि पॅन्टोप्राझोलची पट्टी अख्खी, एकही गोळी काढलेली नाही. मुलगा म्हणतो, डॉक्टर, बाबांना ॲसिडिटी नाहीच, म्हणून ती दिली नाही.

भाची: अरे देवा!

मामा: त्यात त्याची चूक काय? त्याला कोणी सांगितलंय की ती ॲसिडिटीची गोळी नसून रक्तस्राव टाळायची गोळी आहे? तू एक महिना की तीन महिने यावर माझ्याशी भांडतेस, आणि इथं घोळणा फुटला तो दुप्पट ॲस्पिरिन आणि डायक्लोफेनॅकमुळे. तुझ्या कॅथलॅबमधून बाहेर पडल्यावर तुझं औषध असं चालतं.

माझ्या मते या साऱ्या विषयाचं मर्म त्या पिशवीत आहे. किती महिने, यावर जगभर मोठमोठे अभ्यास झाले आणि ते व्हायलाच हवेत. पण रक्तस्राव टाळण्याची सगळ्यात स्वस्त साधनं त्या वादात मागं पडतात. जठराचं संरक्षण करणारी गोळी रोज, तीही क्लोपिडोग्रेल असेल तर पॅन्टोप्राझोल. ओमेप्राझोल आणि एसोमेप्राझोल ही क्लोपिडोग्रेलचं काम काही अंशी अडवतात, म्हणून ती टाळतात. वेदनाशामक बंद. ब्लडप्रेशर ताब्यात, कारण मेंदूतल्या रक्तस्रावाचा धोका त्यावर अवलंबून. पूर्वी व्रण झालेला असेल तर जठरातल्या एच. पायलोरी जंतूची तपासणी. आपल्याकडे हा जंतू फार जणांच्या पोटात असतो. आणि रक्त कमी का आहे याचा शोध. तात्यांचं हिमोग्लोबिन स्टेंटच्या आधीपासून कमी होतं. अनेक वर्षं डायक्लोफेनॅक खाणाऱ्याच्या पोटातून थेंबाथेंबानं रक्त जात असणार, हा पहिला संशय.

भाची: दुर्बिणीतून तपासणी करून घेऊ. नुसतं आत बघायला गोळ्या थांबवाव्या लागत नाहीत.

मामा: लोहाची गोळी मी सुरू केलीच आहे. मुलाला बजावलं, लोहानं शौचाला काळं होईल, त्याला घाबरू नका. पण डांबरासारखं चिकट, दुर्गंधी येणारं झालं, उभं राहताना चक्कर आली, तर गोळी स्वतः बंद न करता थेट हॉस्पिटल गाठा.

भाची: आणि गुडघे?

मामा: पॅरासिटामॉल, वरून लावायचं मलम, मांडीचे व्यायाम. गुडघा बदलायचं म्हणत होते, त्याला अजून वेळ आहे हे मी सांगितलं. अटॅकनंतर शक्यतो वर्षभर थांबायचं, बरोबर?

भाची: शक्यतो वर्ष. ज्या शस्त्रक्रियेला थांबता येतं तिला थांबवायचंच. गुडघ्याला थांबता येतं.

मामा: बघ, एवढ्या गोष्टींवर आपलं एकमत आहे. भांडण उरलंय ते महिन्यांचं.

भाची: महिन्यांचं नाही, मामा. भांडण आहे ते थांबवणार कोण याचं. तुमच्या ओळखीचे किती डॉक्टर मला विचारून थांबवतात? तुम्ही विचारता. बाकीचे?

मामा: आणि तुम्हा कार्डिओलॉजिस्टपैकी किती जण कार्डावर लिहितात की अमुक तारखेला अमुक गोळी बंद? 'बारा महिने' छापलेलं असतं, सगळ्यांना एकच. वीस वर्षांच्या मुलाला तेच आणि 76 च्या म्हाताऱ्याला तेच. बारा महिने झाल्यावरही कोणी बंद करत नाही. माझ्याकडे एक आजी येतात, स्टेंटला सहा वर्षं झाली, दोन्ही गोळ्या अजून चालू. का, तर बंद करा असं कोणी म्हटलंच नाही!

भाचीला यावर लगेच उत्तर सुचलं नाही. मीही इथे तिची वकिली करणार नाही. 2013 साली प्रसिद्ध झालेली पॅरिस नावाची नोंद या बाबतीत फार बोलकी आहे. अमेरिका आणि युरोपातले पाच हजारांवर स्टेंटवाले रुग्ण दोन वर्षं पाहिले आणि गोळी बंद होण्याचे प्रकार वेगळे केले. डॉक्टरांनी विचार करून, आता गरज नाही म्हणून बंद केली, तो एक प्रकार. शस्त्रक्रियेसाठी थोडे दिवस थांबवली, तो दुसरा. आणि रक्तस्राव झाला किंवा रुग्णानं कंटाळून सोडली म्हणून अचानक तुटली, तो तिसरा. पहिल्या प्रकारात हृदयाचा धोका वाढला नाही. तिसऱ्यात तो दीडपट झाला, आणि तुटल्यानंतरच्या पहिल्या सात दिवसांत तर सातपट. गोळी तीच, बंद होणंही तेच, पण कोणी आणि कसं बंद केलं यावर माणसाचं नशीब बदललं. त्यात एक खोच आहे, डॉक्टर ज्यांची गोळी थांबवतात ते मुळातच कमी धोक्याचे असतात, ती लक्षात ठेवूनही हा निष्कर्ष मला मोलाचा वाटतो. रक्तस्रावाचा धोका असलेल्या माणसाची गोळी ठरवून एका महिन्यात थांबवणं हे सातव्या आठवड्यात रक्ताची उलटी होऊन सगळं एकदम तुटण्यापेक्षा बरं.

भाची: हे तुमच्या बाजूनं जातं, मला दिसतंय. पण दुसरा प्रश्न राहतोच. एक गोळी बंद केली, तर उरणार कोणती?

मामा: क्लोपिडोग्रेल काढ, ॲस्पिरिन ठेव. जठराच्या गोळीसकट.

भाची: कोरियातल्या होस्ट-एक्झाम अभ्यासात उलट निघालं. दोन गोळ्यांचा काळ संपल्यावर नुसतं क्लोपिडोग्रेल घेणाऱ्यांना गुठळीचे त्रासही कमी आणि रक्तस्रावही कमी, ॲस्पिरिनवाल्यांपेक्षा.

मामा: हाँगकाँगच्या 2005 च्या अभ्यासात ज्यांना आधी व्रणातून रक्त गेलं होतं त्यांना घेतलं होतं. नुसत्या क्लोपिडोग्रेलवर वर्षभरात 8.6 टक्क्यांना पुन्हा रक्त गेलं, ॲस्पिरिन आणि जठराची गोळी घेणाऱ्यांना 0.7 टक्के. क्लोपिडोग्रेल पोटाला सौम्य, ही समजूत तिथंच गेली.

भाची: त्या क्लोपिडोग्रेलवाल्यांना जठराची गोळी दिली नव्हती, मामा.

मामा: खरं आहे. पण तुझ्या कोरियनांचे जीन आणि आपले? क्लोपिडोग्रेल यकृतात गेल्यावर कामाला लागतं, आणि ते काम करणारं एन्झाइम आपल्याकडे बऱ्याच लोकांत मंद असतं.

भाची: कोरियनांतही असतं. पण मुद्दा रास्त आहे. नुसत्या क्लोपिडोग्रेलवर ठेवलेला माणूस नेमका त्या मंद गटातला असेल तर त्याच्या स्टेंटला राखण कोणाची? टिकाग्रेलरला हा अडथळा नाही. 2019 च्या ट्वायलाइटमध्ये तीन महिन्यांनी ॲस्पिरिन काढून नुसतं टिकाग्रेलर ठेवलं, रक्तस्राव 7.1 वरून 4 टक्क्यांवर आला, अटॅक वाढले नाहीत. आपल्याकडचेही रुग्ण होते त्यात. पण तात्यांच्या वयाला, या हिमोग्लोबिनला टिकाग्रेलर मला जड वाटतं. त्या रात्री ज्यांनी क्लोपिडोग्रेल निवडलं त्यांनी बरोबर केलं.

मामा: मनगटातून स्टेंट घातला तेही बरोबर केलं. मांडीतून घातला असता तर पहिल्याच रात्री रक्त गेलं असतं.

भाची: आणि हृदयाचे ठोके अनियमित असते तर आपलं हे भांडणच वेगळं झालं असतं.

तो फाटा मी थोडक्यात सांगतो. एट्रियल फिब्रिलेशन असेल तर गुठळीविरोधी तिसरं औषध लागतं, आणि तिन्ही मिळून रक्तस्राव फार वाढतो. 2019 च्या ऑगस्टस अभ्यासानंतर बहुतेक ठिकाणी ॲस्पिरिन काही दिवसांतच, फार तर महिनाभरात काढतात आणि ॲपिक्साबानसारखं औषध व क्लोपिडोग्रेल ठेवतात. सहा ते बारा महिन्यांनी क्लोपिडोग्रेलही जातं. तात्यांना तो त्रास नाही.

मामा: आता कार्ड लिही. छापील ओळ खोड.

भाची: लिहिते. पहिलं, एकत्र कॅप्सूल बंद. दोन्ही औषधं सुट्या गोळ्यांत. नाहीतर ज्या दिवशी एक थांबवायची त्या दिवशी एकतर दोन्ही थांबतील किंवा एकही थांबणार नाही. दुसरं, जुनं ॲस्पिरिन आणि डायक्लोफेनॅक परत घेतलं, घरात ठेवायचं नाही. तिसरं, पॅन्टोप्राझोल सकाळी उपाशी पोटी, रक्तस्राव टाळण्यासाठी. हे कारणसुद्धा लिहिते. चौथं, दोन आठवड्यांनी हिमोग्लोबिन, आणि त्याआधी दुर्बिणीतून तपासणी.

मामा: मराठीत लिही. मुलगा दहावी झालाय, त्याला वाचता आलं पाहिजे. आणि खाली तुझा नंबर. गावाकडच्या डॉक्टरला गोळी थांबवावीशी वाटली तर त्यानं आधी तुला फोन करावा, तू नाही उचललास तर मला.

भाची: आणि थांबवायची तारीख?

मामा: मी महिनाच म्हणतो.

भाची: मी तीन म्हणते. दुर्बिणीत व्रण दिसला किंवा दोन आठवड्यांत हिमोग्लोबिन आणखी पडलं, तर तुमचं खरं. तोवर महिना भरलेला असेल, एक गोळी बंद, आणि उरणारी कोणती ते रिपोर्ट हातात घेऊन तुमच्यासमोर ठरवू. पोट स्वच्छ निघालं, घोळणा पुन्हा फुटला नाही, हिमोग्लोबिन 11 च्या पुढे सरकलं, तर तीन महिने माझं ऐकायचं.

मामा: दोन्ही तारखा लिही. कुठली खोडायची ते त्या दिवशी बघू.